ताईची दोन प्यादी

रविवार, ३ मार्च
पुन्हा हरलो. बाविसाव्या खेळीला. ताई पहिल्या चार खेळ्यांतच दोन प्यादी फुकट पुढे करते — घे म्हणते! मी घेत नाही. फुकटचं घ्यायचं नाही, हा आपला स्वभाव. मग तिची फौज पटभर पसरते आणि माझी सोंगटी जागची हलत नाही.

पुढच्या रविवारी निकालाचा डाव. ती जिंकली तर मी ही चौथ्या मजल्यावरची खोली सोडून तिच्याकडे राहायला जायचं. मी जिंकलो तर तिने हा विषय परत काढायचा नाही. भावजी गेल्यापासून तिचं एकच पालुपद — "तुझे गुडघे आणि ते जिने!" बहिणीच्या जिवावर राहू? या वयात? छे.

मंगळवार, ५ मार्च
दातांच्या दवाखान्यात एका पेशंटची नवी कवळी मशीनवर घासता घासता एक्स-रेवाल्याला ताईचा डाव सांगितला. गडी हसत सुटला. "अहो, खा की दोन्ही. पोकळ डाव आहे. फक्त खाऊन हावरटासारखं बसू नका. वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाका, खाऊ दे तिच्या उंटाला. एक परत दिलं की तुमची सगळी माणसं मोकळी."

इतकं सोपं? आणि मी वर्षभर मार खातोय.

बुधवार, ६ मार्च
स्वतःशीच सहा डाव खेळलो. सहाही वेळा काळा जिंकला. काळा म्हणजे मी!

शुक्रवार, ८ मार्च
ताईच्या नव्या कवळीचं माप घ्यायला तिच्या घरी गेलो. तोंडात मापाचा लगदा, म्हणून चार मिनिटं तिचं बोलणं बंद — असा योग जन्मात आला नव्हता. तेवढ्यात मागच्या खोलीत डोकावलो. खिडकीखाली भक्कम टेबल. त्याच्यावर वीतभर उंचीवर नवा प्लग, शेजारी नळ. माझं घासायचं मशीन ठेवलं तर वायर बरोबर पोचेल.

लगदा काढल्यावर विचारलं, "हे कधी केलंस?"

"झाले सहा महिने." मग चूळ भरून म्हणाली, "घर मोठं झालंय रे. दुपारी दोन्ही बाजूंनी मीच खेळते."

परत येऊन माझा जिना चढताना गुडघ्यांपेक्षा तेच वाक्य जास्त दुखलं. ती सोबत मागत होती आणि मी आपला ताठ. लाज वाटली.

रविवार, १० मार्च
हरलो. दोन्ही प्यादी खाल्ली आणि हावरटासारखा तिसऱ्याच्या मागे लागलो.

ताई सोंगट्या डब्यात भरत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं होतंस. दर रविवारी मी त्याचीच धास्ती घेऊन बसते."

जागचं न हललेलं ते प्यादं मी उचलून डब्यात टाकलं.

"मशीन आधी आण," म्हणाली. "कपडे काय, येतील मागून."