मेमरी भरली की थांबायचं, की जुनं पुसायचं?

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार पोचावा. तो उभ्या उभ्या केलेला आहे, कारण बसलो की माझा पाय हलायला लागतो आणि अक्षर बिघडतं, हे तुला नव्याने सांगायला नको. तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला? (गेला असेल तर 'गेला' एवढंच कळव, नसेल तर सविस्तर कळव. नुसतं 'बरं आहे' लिहू नकोस. त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात माझे दिवस जातात.) आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे आज सकाळपासून आहोत. त्याआधी काय झालं ते सांगायलाच हा कागद घेतला आहे. भावोजींसमोर तो मोठ्याने वाचू नकोस. ते हसतात आणि मग त्यांना खोकला येतो.

आमच्या मुलांच्या दवाखान्यातली औषधांची खोली माझ्याकडे आहे, तशीच त्या खोलीतल्या लशींच्या फ्रिजची काळजीही. काळजी हा माझा हातखंडा, त्यामुळे नेमणूक चुकली असं कुणी म्हणू शकत नाही. त्या फ्रिजचं तापमान दोनच्या खाली जाता कामा नये आणि आठच्या वर जाता कामा नये. गोठली तरी लस वाया, तापली तरी वाया. आणि वाया गेलेली लस दिसते अगदी चांगल्या लशीसारखीच. (दूध बिचारं नासलं की तसं सांगतं तरी.) शुक्रवारी संध्याकाळी आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात काडेपेटीएवढी एक पांढरी डबी ठेवली. डेटा लॉगर. आत ठेवायचा, तो आपला आपण तापमान नोंदवत राहतो, मग संगणकाला जोडला की आलेख काढून देतो. बाई दोन दिवस परगावी निघाल्या होत्या. म्हणाल्या, "उद्या सेटिंग करून आत ठेव. सोमवारी लसीकरण आहे, त्याआधी मला आलेख दाखव. सोपं आहे." ताई, माझ्या आयुष्यातल्या सगळ्या आपत्ती 'सोपं आहे' या दोन शब्दांनी सुरू झाल्या आहेत.

शनिवारी संगणकाला जोडल्याबरोबर त्या डबीने माझी उलटतपासणी सुरू केली. नोंद कधी सुरू करू: लगेच, बटण दाबल्यावर, की ठरल्या वेळी? सतत नोंदवू, की तापमान हद्दीबाहेर गेलं तरच? (यात मी अडकलोच. हद्दीबाहेर गेलं तरच नोंद असं ठेवलं आणि नोंदच सापडली नाही, तर सगळं आलबेल होतं असं समजायचं, की डबी झोपली होती असं?) म्हणून सतत. किती वेळाने एकदा? पर्याय तासापासून सेकंदापर्यंत होते. मी विचार केला, दोन नोंदींच्या मधल्या वेळात काही घडलं तर? आणि सेकंद निवडला. शेवटचा प्रश्न मात्र फार खोल गेला: मेमरी भरली की थांबू, की सर्वांत जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी लिहू? थांबवलं तर पुढचं कळणार नाही, पुसलं तर मागचं हरवणार. मी चहा घेऊन आलो, परत बसलो, तो गार झाला. आपल्या बाबांनी एक सुतळी कधी टाकली नाही, मी कसली नोंद पुसतोय! 'थांब' निवडलं, बटण दाबलं, हिरवा दिवा लुकलुकला आणि डबी आत ठेवली. दाराच्या कप्प्यात, उघडल्याबरोबर दिसावी म्हणून.

आता खरी गंमत अशी की दार लावल्यावर दिवा दिसत नाही. लुकलुकतोय की नाही हे कळायचं कसं? दार उघडून. उघडलं, लुकलुकत होता. लावलं. पण माझ्या दार लावण्याच्या धक्क्याने बंद पडला असेल तर? उघडलं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण आमच्या सिस्टरने मोजलं असावं, कारण दुपारी ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, आत कुणी पाहुणे ठेवलेत का? सारखी चौकशी चाललीय म्हणून विचारलं." मग मीच शहाणपणा करून मोठ्या अक्षरांत 'विनाकारण दार उघडू नये' अशी पाटी लिहून दारावर चिकटवली. (माझं कारण विनाकारण नव्हतं, त्यामुळे ती मला लागू नव्हती.)

रविवारी दवाखाना बंद असतो. दुपारी जेवून मी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणालो. ही म्हणाली, "किल्ली घेतलीत ना?" ताई, या बाईपासून काही लपत नाही. ती स्टुलावर पाय ठेवून शांत बसली होती, दगडासारखी खंबीर. मी गेलो, फ्रिज उघडला आणि दिवा बंद!

डबी संगणकाला जोडली. दर सेकंदाला लिहून लिहून तिची मेमरी शनिवारी संध्याकाळीच भरली होती आणि माझ्याच आज्ञेप्रमाणे ती मुकाट्याने थांबली होती. त्यापुढे सगळं कोरं. आणि त्याआधीचा आलेख? करवतीचे दाते! चार, मग एकदम अकरा, परत चार, परत बारा. मला वाटलं फ्रिज बिघडला. मग वेळा पाहिल्या आणि घाम फुटला. तो प्रत्येक दाता मी होतो. लशींना काही होऊ नये म्हणून दिवसभर मीच त्यांना ऊन दाखवत बसलो होतो. आणि सोमवारी बाळं येणार होती, आयांनी घट्ट गुंडाळून आणलेली. लशी फेकून दिल्या तर बाळांना परत पाठवायचं, ठेवल्या तर? ताई, मी तिथे फरशीवरच बसलो.

शेवटी बाईंना फोन केला. एका दमात सगळं सांगितलं. मधे बहुधा मी राजीनामाही दिला. त्यांनी शांतपणे विचारलं, "लॉगर कुठे ठेवला होतास?"

"दारात."

"आणि लशी?"

"आतल्या फळीवर, मागे."

"मग दार उघडल्यावर त्याने तुझ्या खोलीची हवा मोजली, लशी नाही. आता फ्रिजच्या बाहेरच्या पडद्यावर बघ. कमाल आणि किमान किती दाखवतोय? तो आतल्या फळीवरचं मोजतो आणि शुक्रवारी निघताना मी त्यावरचे जुने आकडे पुसले होते."

मी पाहिलं. पडदा नव्हता. पडद्यावर माझी पाटी होती! फोन खांद्यात धरून नखाने ती खरवडली. खाली किमान साडेतीन, कमाल सात. मी तो आकडा तीनदा वाचून दाखवला. मग बाई म्हणाल्या, "लशी ठीक दिसतायत. उद्या मी स्वतः बघेन, मगच टोचू. तू ठीक आहेस का?" या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. मी "साडेतीन ते सात" असं उत्तर दिलं.

आज सकाळी बाईंनी एकेक कुपी हातात घेऊन पाहिली आणि लसीकरण सुरू केलं. एकेक बाळ असं किंचाळत होतं की मला कृतकृत्य वाटत होतं. मग त्यांनी माझ्यासमोर लॉगर नव्याने लावला: दर दहा मिनिटांनी नोंद, जागा लशींच्या शेजारी. मी विचारलं, मेमरी भरली की थांबायचं की पुसायचं? म्हणाल्या, "दर महिन्याला आपण ती उतरवून घेणार, भरेल कशाला?" माझी शनिवारची अख्खी सकाळ त्या एका वाक्यात गेली.

असो. सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. काळजी करू नकोस, तेवढी इथे होते आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. भावोजींना सांगायचंच असेल तर पाटीचं सांगू नकोस.

आणखी ता. क. मुद्द्याचं राहिलंच. पुढच्या महिन्यात हिचे दिवस भरतात. तू येऊन राहशील का? हिला तशी गरज नाही, ती अगदी निर्धास्त आहे. गरज मला आहे. तुझ्या पाठीला झेपत असेल तरच.

ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून या चार ओळी. मी निर्धास्त वगैरे काही नाही. घरात घाबरायचं काम यांनी एकट्याने उचलल्यामुळे मला ते करायला जागाच उरत नाही. हे दवाखान्यात गेले की मी दार लावून घेते आणि पोटभर रडून घेते, मग तोंड धुऊन स्टुलावर पाय ठेवून बसते. यांना यातलं काही सांगू नका. तुम्ही या, आणि जमलं तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. यांच्यासाठी आलात असंच यांना वाटू दे.