दर महिन्याचं बटण

दि. ४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघा आता कमी दुखतो हे वाचून बरं वाटलं, आणि जिना दिवसातून एकदाच चढतोस हे वाचून त्याहून बरं वाटलं. मी ठणठणीत आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून आपलं हे पत्रांचं बरं चाललंय. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आणि सख्ख्या भावाशी बोलायला पोस्टाचं तिकीट लावावं लागतं. हसावं की रडावं?

हे गेल्यावर मी तुझ्याकडं राहायला यायचं ठरलं, त्यासाठी केंद्राची आवराआवर कुठवर आली, असं तू विचारलंस. सांगते.

आवराआवर करायलाच बसले होते. मागच्या शेडमधल्या चाकाच्या खुर्च्या एका बाजूला, वॉकर दुसऱ्या बाजूला, डोक्याकडून उचलता येणारे पलंग भिंतीशी. ह्यांच्या हातचं वेल्डिंग अजून कसं घट्ट आहे बघ, एकाही खुर्चीचा सांधा हलत नाही. तेवढ्यात एक बाई दारात. सासऱ्यांचं हाड मोडलंय, दवाखान्यातून उद्या घरी सोडणार, पलंग मिळेल का? आता ‘केंद्र बंद होतंय’ असं तिला कोणत्या तोंडानं सांगू? दिला. संध्याकाळी आणखी एकजण आला. त्यालाही दिला. अशी माझी आवराआवर चालली आहे, दादा. सामान कमी होतंय खरं, पण परत येण्यासाठी.

ज्याला गरज त्यानं न्यावं, काम झालं की आणून द्यावं, भाडं नाही, दारातल्या डब्यात वाटेल ते टाकावं, हा ह्यांचा शिरस्ता तुला माहीत आहेच. हे डेपोत फिटर होते तोवर डबा रिकामा राहिला तरी पगारातून भागायचं. आता भागत नाही. आणि डब्यात टाकायला लोकांच्या खिशात नोटाच नसतात रे. फोन हातात धरून उभे राहतात आणि म्हणतात, ‘काकू, ऑनलाइन कुठं पाठवू?’ मी हात हलवत म्हणायची, राहू दे, राहू दे. एक दिवस आमच्या मिस्त्रींनी टोकलं. ह्यांच्या हाताखाली शिकलेले ते, अर्धा दिवस येतात आणि चाकं-ब्रेक बघतात. म्हणाले, ‘वहिनी, राहू दे राहू दे म्हणून ब्रेकचे रबर येत नाहीत.’

म्हणून वेबसाइटवर देणगीची सोय करायला घेतली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते, दुकानांच्या वेबसाइट बनवते. सगळे तिला वरचीच म्हणतात. तिनं अर्ध्या पैशात काम घेतलं आणि दुप्पट बोलणी खाल्ली. पहिलं भांडण फोटोवरून. ती म्हणाली, ‘काकू, अंथरुणाला खिळलेला एखादा पेशंट दाखवू या. असा फोटो असला की बोट आपोआप बटणावर जातं.’ मी म्हटलं, ‘आपण पलंग देतो, पलंगावरच्या माणसाचं दुःख विकायला काढत नाही.’ शेवटी मास्तरांना विचारलं. शाळेत खेळ शिकवायचे, एक पाय गेला, आमच्याच खुर्चीवर महिने काढून आता वॉकर घेऊन गल्लीभर हिंडतात. ते म्हणाले, ‘घ्या माझा. पण हसताना घ्या. पडल्यावर सगळेच रडतात, त्यात बघण्यासारखं काय?’ पानावर आता मास्तर आहेत, बत्तीशी दाखवत.

मग कागदपत्रं. पैसे गोळा करून आपल्या खात्यावर टाकणारी कंपनी असते, तिला संस्थेची नोंदणी लागते, खातं संस्थेच्याच नावाचं लागतं. सगळं दिलं. अर्ज परत! का, तर नोंदणीत आपण ‘साहाय्य केंद्र’ आणि बँकेत ‘सहाय्य केंद्र’. एका कान्यापायी गाडं अडलं. बँकेत गेले. तिथला साहेब म्हणाला, ‘अहो, काना असला काय, नसला काय, अर्थ तोच.’ मी म्हटलं, ‘तुमच्या-माझ्यासाठी तोच. पण तिकडं कॉम्प्युटर वाचतो, त्याला अर्थ कळत नाही, काना कळतो.’ हसला आणि लगेच अर्ज लिहून घेतला. भला माणूस. त्याच्या आईसाठी वॉकर हवाय, तोही सांगून ठेवला.

देणगी परत कशी मिळेल याचंही एक पान लागतं. मी वरचीला म्हटलं, ‘दिलेली देणगी परत कोण मागतं?’ ती म्हणाली, ‘ज्याच्या हातून एक शून्य जास्त पडलं तो.’

कंपनीच्या मदतीच्या नंबरावर एक मुलगी भेटली. पाठ केल्यासारखी बोलत होती. मी म्हटलं, ‘बाळ, मीही आयुष्यभर हेच केलं. दम घे, पाणी पी, मग सांग.’ ती खरंच पाणी प्यायली, मला घोट ऐकू आला. मग अशी समजावून सांगायला लागली की विचारू नकोस. नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायची माझी विद्या अजून गंजलेली नाही.

सगळं झालं. एकच प्रश्न तिनं शेवटी विचारला, त्याचं उत्तर मी राखून ठेवलंय. तांत्रिकच आहे, तुला काय त्याचं.

तिकडच्या माझ्या खोलीच्या रंगाचं तू ठरव. तुझी नजर चांगली आहे.

गुडघ्याला जप.

तुझी,
बारकी


दि. २ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र आलं. एरवी पानभर लिहितोस, या वेळी दोनच ओळी. ‘बाबांनी कधी कुणापुढे हात पसरला नाही. खोली फिकट पिवळी रंगवली आहे, कधी निघतेस ते कळव.’ दोन ओळींनी मला इतके दिवस बसवून ठेवलं. आज लिहिते.

आधी हात पसरण्याचं. बाबा मानी होते, खरं आहे. पण आमच्या शेडमधून पलंग घेऊन जाणाऱ्या एकालाही मी कधी मनातसुद्धा भिकारी म्हटलं नाही. अडलेला माणूस मागतो, दुसरा देतो, एवढंच. मग ब्रेकच्या रबरासाठी मी मागितलं तर मीच तेवढी भिकारी कशी? आणि मी लपून मागत नाही. छापून मागते, पावती देते, कुठं खर्च केला ते त्याच पानावर लिहिते. बाबा असते तर आधी रागावले असते आणि मग पावतीचं शुद्धलेखन तपासलं असतं.

पान सुरू झालं. पहिली देणगी मीच दिली, चालतं का बघायला. वरची माझ्या खुर्चीमागं उभी, मिस्त्री दारात ग्रीसचे हात वर धरून. मी बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. मिस्त्री म्हणाले, ‘बेअरिंग अडकलंय.’ मग फोनवर टुण्ण वाजलं, पैसे जमा! आम्ही तिघं असे हसलो की शेजारीण काय झालं ते बघायला आली. आली ती आलीच, जाताना तिलाही दाबायला लावलं बटण.

नंतर अनोळखी लोकांचे पैसे यायला लागले. ज्यांच्या घरी कधीकाळी आपली खुर्ची गेली होती असे लोक, कुठल्या कुठल्या गावांतून. सोबत दोन-दोन शब्द लिहितात. एकानं लिहिलं, ‘वडील शेवटपर्यंत खिडकीपाशी बसू शकले.’ बाकी काही नाही, नावही नाही. ते वाचून मी शेडमध्ये जाऊन उगीचच खुर्च्या पुसत बसले.

आता तो राखून ठेवलेला प्रश्न. मागच्या पत्रात मी तुला तांत्रिक आहे म्हणून सांगितलं. नाही रे. मदतीच्या नंबरावरच्या त्या मुलीनं विचारलं होतं, ‘मॅडम, दर महिन्याच्या देणगीचं बटण चालू करायचं का? लोक एकदा नोंद करतात, मग दर महिन्याला आपोआप पैसे येत राहतात.’ एकदाच घेतलेले पैसे एकदाच्या पलंगाला लावता येतात. पण दर महिन्याचे घ्यायचे, म्हणजे दर महिन्याला इथं असायचं. मी तिला म्हटलं, ‘नंतर सांगते.’ कारण तिकडं तू खोली रंगवत होतास.

गेल्या आठवड्यात एका बाईचा फोन आला. शिवणकाम करते. तिच्या आईला आपला पलंग होता. म्हणाली, ‘मावशी, एकदम मोठी रक्कम मला जमत नाही. दर महिन्याला थोडे थोडे द्यायचेत. पण तुमच्या पानावर ती सोयच नाही.’

मी म्हटलं, ‘नाही ठेवली.’

‘का हो? केंद्र बंद करताय का?’

दादा, त्या एक्स्चेंजमध्ये मी रडणाऱ्या, भांडणाऱ्या, शिव्या देणाऱ्या माणसांना उत्तरं दिली आहेत. या बाईलाही ‘हो’ म्हणून मोकळं व्हावं म्हणून मी फोन जवळ घेतला. आणि माझ्याच तोंडून निघालं, ‘नाही. बंद नाही करत.’ बोलल्यावर मला कळलं की मी खरं बोलले.

तेव्हाच वर जाऊन वरचीला सांगितलं, ‘ते बटण चालू कर.’ ती म्हणाली, ‘काकू, नक्की? तुम्ही तर जाणार होता.’ मी म्हटलं, ‘होते.’ तिनं केलं. नोंदी येऊ लागल्या आहेत, छोट्या छोट्या. शिवणकामवाली पहिली.

तर मी राहायला येत नाही, दादा. सरळ लिहिलं एकदाचं.

हे गेले तेव्हा तू म्हणालास, माझ्याकडं ये, आणि मी हो म्हटलं. तेव्हा घर इतकं गप्प झालं होतं की कुणी विहिरीत उतर म्हटलं असतं तरी उतरले असते. तू खोटं बोलला नाहीस आणि मीही नाही. पण नंतर सकाळी उठून शेडचं कुलूप काढायला लागले आणि घर पुन्हा बोलायला लागलं. हे तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण तुला काय वाटेल ते मला माहीत होतं. वहिनी गेल्यापासून तू जिना एकदाच चढतोस तो गुडघ्यामुळं नाही. वर कुणी नाही म्हणून. खोली माझ्यासाठी रंगवलीस खरी, पण हाक मारायला कुणीतरी असावं म्हणूनही रंगवलीस. मी बहीण आहे, मला कळतं. आणि कळूनही मी येत नाही, याचं मला जे वाटतं ते कागदावर मावणार नाही.

मात्र एक ठरवलंय. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मिस्त्री आणि मास्तर केंद्र सांभाळणार आहेत. मास्तरांनी आपणहून अंगावर घेतलंय, ‘हजेरी घ्यायची सवय आहे’ म्हणतात. तेवढे दिवस मी तुझ्याकडं. या महिन्यापासूनच. तू रागावलेला असलास तरी येईन, समोर बसून राग खाईन, आणि तुला ऐकू येईल इतकं ओरडायलाही शिकेन.

तुझं उत्तर येईल तेव्हा येवो. पिशवी भरायला मी त्याची वाट बघणार नाही.

तुझीच, पण इथलीच,
बारकी