मंडळीसमोर बोललात

पप्पा, येत्या रविवारी चर्चमध्ये मला तुमच्यावर बोलायचं आहे. कुटुंब सप्ताह आहे, आणि पाळकसाहेबांनी विषय दिलाय आदर्श ख्रिस्ती पिता. "तुझ्या वडिलांसारखं उदाहरण आपल्या मंडळीत दुसरं नाही. आणि घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, तूच बोल," म्हणाले. मी हो म्हटलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मुलुंडच्या आपल्या चाळीत कोणी दिलेला शब्द मोडला की लोक अजून तुमचं नाव काढतात.

सांगण्यासारखं खूप आहे. वर्कशॉपमधून आलात की मोरीत बसून भुसा आणि साबण लावून कोपरापर्यंत हात घासायचात, ग्रीस निघेपर्यंत कोणाशी बोलायचा नाहीत, आणि मग आम्हाला घेऊन प्रार्थनेला बसायचात. माझ्या अभ्यासाच्या दिव्यासाठी तुम्ही लोखंडी स्टँड केलात, तेव्हा भंगारातली पट्टी मालकाला विचारून आणलीत. आई हसली होती, "भंगारच ते, त्यात काय विचारायचं?" तुम्ही म्हणालात, "भंगार त्याचं आहे." हे रविवारी सांगितलं की सगळ्यांना आवडेल. मलाही आवडतं. तसं जगावं असं मला अजून मनापासून वाटतं. पण दादाचं काय सांगू?

तो तेव्हा घाटकोपरला एका गॅरेजात लागला होता. एका संध्याकाळी घरी आला तर शर्टाला दारूचा वास. चप्पल काढता काढताच सांगायला लागला, "पप्पा, ऐका ना, तो माझ्याबरोबरचा मेकॅनिक…" तुम्ही हात वर केलात. "शर्ट बदल," म्हणालात, आणि जेवायला बसलात. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मंडळीचे पंच बसायचे आणि कोणाला चुकीबद्दल त्या मेजावरच्या भाकरी-द्राक्षारसापासून दूर ठेवायचं ते ठरवायचे. तुम्हीही पंच होतात. दादाचं नाव तिथे दुसऱ्या कोणी घेतलं नाही, तुम्ही घेतलंत. आई म्हणाली, "पोरगा काहीतरी सांगत होता, ऐकून तरी घ्यायचं." तुम्ही म्हणालात, "माझ्या घराला वेगळा न्याय लावला, तर उद्या दुसऱ्याच्या पोराला कोणत्या तोंडाने बोलू?"

त्या रविवारी पाळकसाहेबांनी नाव वाचलं तेव्हा दादा माझ्या शेजारी बसला होता. पांढरा शर्ट त्याने स्वतः इस्त्री केला होता. तो उठला, बाकाच्या कडेने बाहेर गेला, आणि घरी आलाच नाही. गोवंडीला एका मित्राच्या खोलीवर राहायला लागला.

पुढच्याच आठवड्यात त्या मेकॅनिकची आई आपल्या दारात आली. "तुमच्या पोराने माझ्या पोराला खांद्यावर टाकून घरी आणला हो. नाहीतर पिऊन रुळावरच पडला असता." तुम्ही तिला खुर्ची दिलीत, चहा दिलात.

नंतरच्या प्रभुभोजनाला तुम्ही मंडळीसमोर उभे राहिलात. "मी माझ्या मुलाला न विचारता दोषी ठरवलं. चूक माझी आहे," एवढंच बोललात आणि भाकरी न घेता जागेवर येऊन बसलात. बायका पदराने डोळे पुसत होत्या. बाहेर येताना कोणीतरी म्हणालं, "बाप असावा तर असा." मला किती अभिमान वाटला होता! ज्याच्यासाठी ते बोललात तो तिथे नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. आईच्या आलं. ती म्हणाली, "आता गोवंडीला जाऊन त्याला सांगा." "सगळ्यांसमोर बोललो. लपवलं नाही. कळेल त्याला," तुम्ही म्हणालात. "कळत नसतं हो, सांगावं लागतं." तुम्ही गेला नाहीत. नाताळच्या आधी मशीनसमोरच कोसळलात. दफनाला दादा आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला. आम्ही एकेकाने मूठभर माती टाकली. त्याने टाकली नाही.

हे पत्र पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून उरलेलंही लिहिते. काल मी गोवंडीला जाऊन आले. दादा दारात बसून पेट्रोलमध्ये कार्ब्युरेटर धूत होता. "या, ग्रॅज्युएट मॅडम! कोण गेलं आता?" रविवारी ये म्हटलं, तर हसला. "बाप आदर्श, मग मी कोण गं? बेवडा?"

"पप्पा सगळ्यांसमोर चुकलो म्हणाले रे."

"सगळ्यांसमोर ना? मी कुठे होतो?"

मग मी खोटं बोलले, पप्पा, तुमच्या नावावर. म्हटलं, जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला तुझ्यासाठी निरोप दिला होता.

त्याचा हात थांबला. "काय म्हणाले? नीट सांग."

"माझं चुकलं, बाळा, म्हणाले."

तुम्ही आम्हाला कधी बाळा म्हटलं नाहीत. हे त्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. इतकी वर्षं निरोप का दाबून ठेवलास, असंही त्याने विचारलं नाही. वर न बघता तो म्हणाला, "परत सांग."

मी परत सांगितलं.