फळ्यावरची अखाजी

देवपूर, धुळे

ती. नाना, तुमच्या तानूचा नमस्कार.

मी मजेत आहे. माझ्या गुडघ्याची काळजी करू नका. आई नीट जेवते ना?

नाना, आज मी माइकवर बोलले! इथल्या वाचनालयात रोज फळ्यावर दिनविशेष लिहितात. आज एका थोर गायकाचा जन्मदिवस, एका कादंबरीच्या प्रकाशनाचा दिवस. वाचून दाखवायला ग्रंथपाल हेमलताबाईंनी मलाच उभं केलं. घरच्या घरी अक्षरं जुळवत शिकलेली मी! वाचून झालं आणि तोंडून निघून गेलं, "आज अक्षय्य तृतीया, आपली अखाजी पण आहे. झोक्यावरची गाणी फळ्यावर का नाहीत?"

"मग म्हणा एखादं," हेमलताबाई म्हणाल्या.

हे गेल्यापासून गायले नव्हते. आईचं गाणं धरलं. दुसऱ्याच ओळीला थांबले, तशी मागून एक म्हातारी ओरडली, "थांबू नको माय, आमले भी येस!" मग सगळ्याच बायका गाऊ लागल्या.

हेमलताबाईंनी फळ्यावर खाली लिहिलं, 'अखाजीची गाणी. रचणाऱ्या : आपल्या आया.' आईला हे मोठ्यानं वाचून दाखवा.

नवरा गेलेलीनं झोक्यावर बसू नये म्हणतात, म्हणून मी अखाजीला माहेरी येणं टाळत होते. पुढच्या वर्षी येते. निंबाला झोका बांधा. दोर जाड घ्या, मी बसणार आहे.

आईच्या पायांवर डोकं ठेवून,
तुमची तानू