शहाण्णव मिनिटांचा तारा

३ जून २००२, सेलू
पुण्याहून माझ्या गाईड सरांनी पाठवलेली, अवकाश-दुर्बिणीच्या नोंदींची सीडी अखेर उघडली. दुर्बीण अवकाशात, मी सेलूत, अन् दहा ते दोन लाइट नाही. पीएच.डी. करून अकरावीला भिंगाची सूत्रं घोकवतोय. सरांकडे संशोधनाची एक जागा आहे. "ठोस काही काढ, तरच महिनाअखेर तुझं नाव पुढे करतो."

७ जून
सापडलं. तारा दर ९६ मि. उजळतो, मंदावतो. तीनदा तपासलं. बसनं वर्ध्याला जाऊन सरांना ई-मेल केली. जेवताना बाबांजवळ बोललो, तिथंच चुकलं.

९ जून
बाबांनी कापड दुकानात येईल त्याला सांगितलं. पेढे वाटले. प्राचार्यांनी कॉलेजच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहवून घेतलं : 'आपल्या सरांनी नवा तारा शोधला.' तारा जुनाच आहे हो. कोण ऐकतो.

१२ जून
पुन्हा वर्धा. सरांचं एका ओळीचं उत्तर : "दुर्बीण पृथ्वीभोवती किती वेळात फिरते?"
शहाण्णव मिनिटांत.
दर फेरीत पृथ्वीचा उजेड कमीजास्त आत शिरतो. म्हणजे मी ताऱ्याचं नाही, दुर्बिणीचंच वेळापत्रक शोधलं. पुण्यात असतो तर चहाच्या टेबलावर कुणीही टोकलं असतं. इथं टोकायला कोण आहे? लाज वाटते. राग त्याहून जास्त.

१३ जून
प्राचार्यांना म्हटलं, फळा पुसा. "राहू द्या ना जी. ॲडमिशन चालू हायेत. कोण वर जाऊन पाहून राह्यलं?"
मग बाबांनाही सांगितलं. ते कापडाची घडी घालत होते.
"मंग तारा हाये का नाई?"
"आहे."
"मंग नीट पाहजो. मले काऊन सांगून राह्यला?"

१७ जून
फेऱ्यांचा परिणाम वजा केला. ९६ मिनिटं गेली. आलेखात उरला पाच तासांपाशी एक बारीक उंचवटा, म्हणजे तारा कदाचित दर पाच तासांनी उजळतो. खरा, की माझीच आणखी एक चूक? महिना संपायला तेरा दिवस. सरांना लिहिलं नाही, बाबांना तर नाहीच.
दहाला लाइट गेली. कॉलेजात जाऊन फळा मीच पुसला. शिपाई बघत होता.
"काऊन जी सर, तारा गेला का?"
माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.