मला वाजणारी प्लेट हवी होती

अहो,

इतक्या वर्षांच्या संसारात तुमचं नाव घेऊन हाक मारायची सवय लागली नाही, ती आता कुठे लागणार? तेव्हा 'अहो'च. आज सकाळी नेमबाजीच्या रेंजवर नवी प्लेट टांगून आले आणि हातपाय धुऊन तशीच लिहायला बसले आहे. मला तुमचा भयंकर राग आला आहे आणि तो ऐकून घ्यायला तुम्ही घरात नाही. मुग्धा म्हणते, "आई, पापा आता नाहीयेत. मतलब, त्यांच्याशी कशाला भांडतेस?" नाहीत म्हणून काय सोडून द्यायचं?

मुळात ती जुनी प्लेट! निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांना पाणी घालतात, भजनाला जातात. तुम्हाला बगरूच्या पुढच्या त्या क्लबात पॉइंट टू-टूची रायफल चालवायची हौस आली. येऊ दे. मी नुसती डबा घेऊन बरोबर यायची. मग एका रविवारी तुम्ही क्लबची रायफल माझ्या खांद्याला टेकवून दिलीत आणि मीही अडकले. इथपर्यंत ठीक होतं. पण जवळच्या कागदी टार्गेटचा कंटाळा आला म्हणून लांबवर पोलादी प्लेट लावायचं ठरलं, तेव्हा ती निवडायला मला बरोबर नेलंत का?

"एकदाच घ्यायचं, टिकाऊ घ्यायचं!" आपल्या घरातला तो सोफा याच हट्टापायी आला, अजून दोन माणसांना उचलत नाही. प्लेटही तशीच. पाऊण इंच जाड! जन्मभर विम्याच्या ऑफिसात बसलेला माणूस तो, प्लेटला काही इजा होऊ नये एवढंच बघितलंत. अहो, टू-टूची गोळी ती केवढी! शेंगदाण्याएवढी. दीडशे मीटर जाईपर्यंत तिचा जीव निम्मा होतो. त्या धोंड्यावर आपटून ती काय आवाज करणार? वर तुम्ही ती बोल्ट लावून स्टँडला गच्च आवळलीत. हलायची सोय नाही, वाजायची सोय नाही.

मग लागली की नाही हे कळायचं कसं? तुम्ही होतात ना! दुर्बीण तुमच्या डोळ्याला. मी गोळी झाडली की क्षणभर थांबायचात आणि म्हणायचात, "लागली!" तेही अगदी सहज, भाजीत मीठ बरोबर पडलंय असं सांगावं तसं. मला किती बरं वाटायचं, काय सांगू!

आणि मग रंग. निघण्याआधी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन तुम्ही एकटेच प्लेटपर्यंत चालत जायचात. खुणा बुजवायला. मी उठले की, "तू बस. तुझे गुडघे." मे महिन्याच्या उन्हातसुद्धा! डोक्याला रुमाल बांधून जाणारी तुमची ती पाठ मला आत्ताही दिसते आहे.

तुम्ही गेलात त्यानंतर हिवाळाभर मी तिकडे फिरकले नाही. कोणासाठी जायचं? मग रेंज सांभाळणारे आपले शेखावतजी घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "भाभीजी, संडे को आइए. आपके बिना अच्छा नहीं लगता." गेले. ते तुमच्या खुर्चीत बसले, तुमचीच दुर्बीण लावून. मी पहिली गोळी झाडली. "लग गई!" दुसरी. "लग गई!" तिसरीला मला शिंक आली, गोळी नक्की आभाळात गेली असणार. आणि हे म्हणतात, "लग गई, भाभीजी!"

मी रायफल रिकामी करून खाली ठेवली आणि म्हटलं, जीप काढा, मला प्लेट बघायची आहे. ते चुळबुळ करायला लागले. धूप बहुत है, फिर कभी. मी जाऊन जीपमध्ये बसलेच.

प्लेट कोरी होती! एक ओरखडा नाही. एका कोपऱ्यात रंगाचं टोक उचकटलं होतं, तिथे नख घातलं तर पापुद्र्यावर पापुद्रे निघाले. बोटाएवढा रंग साठला होता, अहो. शेखावतजी जमिनीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "भाईसाहब कह गए थे. अस्पताल से फ़ोन किया था. बोले, इनको लग गई, लग गई बोलते रहना, नहीं तो आना छोड़ देंगी."

हॉस्पिटलमधून! मला सांगायला हव्या होत्या अशा किती गोष्टी होत्या. गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर, लॉकरची किल्ली कुठे. ते सगळं मी शोधत बसले, आणि तुम्ही त्या पलंगावर पडून फोन कशासाठी करत होतात? मी म्हटलं, एकही लागायची नाही का? तर ते घाईघाईने म्हणाले, "नहीं नहीं, लगती थी. कभी-कभी." कधी-कधी! म्हणजे उरलेल्या रविवारी तुम्ही त्या उन्हात चालत जाऊन कोऱ्या प्लेटला रंग लावत होतात? हा काय वेडेपणा? मी लहान मूल होते का? 'बाजूने गेली' म्हणाला असतात तर मी रडले असते का? चिडले असते फार तर. चिडलेली मी तुम्हाला नवीन होते का?

घरी येऊन मी ठरवलं, आता प्लेट मी निवडणार. जी लागली तर मला स्वतःला सांगेल, अशी. मध्ये कुणाचीही दुर्बीण नको.

मग काय, सल्ल्यांचा पाऊस! मुग्धा म्हणाली, "ऑनलाइन मागव ना, मोठी परातीसारखी घे, मिस होणारच नाही." म्हणजे हीसुद्धा तुमच्याच पंथाची. शेखावतजी म्हणाले, बशीएवढी घ्या, शान वाटते. सांगानेर रस्त्यावरचा लोखंडवाला म्हणाला, "आंटीजी, मोटा माल लो, ज़िंदगी भर चलेगा." मला तिथेच त्याच्या गल्ल्यावर डोकं आपटावंसं वाटलं. मग त्याने साधा पातळ पत्रा काढला. तो बरोबर आलेल्या शेखावतजींनीच नको म्हटला. मऊ लोखंडाला खड्डे पडतात आणि खड्ड्यातून गोळीचं शिसं उलट उडतं. त्या बाबतीत माणूस खरं बोलतो.

शेवटी कडक पोलादाची पाव इंची निघाली. आपल्या जेवायच्या ताटाएवढी कापायला सांगितली. मग मी काय केलं माहीत आहे? माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, तसं. दुकानदाराला ती साखळीला टांगायला लावली, पिशवीतले रेंजवरचे आवाज अडवणारे मफ काढून कानाला लावले, रस्त्यापर्यंत चालत गेले आणि तिथून ओरडले, "भैया, अब मारो!" त्याने पाना मारला. गर्दी जमली, पोरी हसायला लागल्या. हसेनात का! मला ऐकू आलं.

आज सकाळी ती दोन साखळ्यांवर टांगली, वरची कड जराशी पुढे झुकवून, शिशाचे तुकडे खाली मातीत जावेत म्हणून. शेखावतजींना ताकीद दिली की तोंडातून अक्षर काढायचं नाही. दुर्बीणही पिशवीतच ठेवली.

पहिली गोळी. काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. वारा डावीकडून होता, मी तो हिशेबात धरलाच नव्हता. तुम्ही 'लागली, लागली' करत राहिलात, मग मी वारा शिकणार कधी? गोळ्यांची डबी निम्मी संपली. शेखावतजी मान खाली घालून नखं बघत बसले होते. मला वाटलं, पुरे झालं, उठावं आणि घरी जावं. खरंच वाटलं. ज्या भीतीने तुम्ही खोटं बोलत राहिलात ना, तेच मी करणार होते.

उठले नाही. जरा डावीकडे धरून एक झाडली. गोळी जाते, आपटते, मग आवाज परत यायला निघतो, त्यात एक श्वास जातो. तो श्वास मी धरून ठेवला.

टण्ण!

आणि मी मान वळवली. तुमच्या खुर्चीकडे. तुम्ही म्हणाल म्हणून. अख्ख्या जन्मात एक गोळी मी माझ्या कानांनी लागलेली ऐकली आणि ती तुम्हाला सांगता आली नाही! याचा राग कुणावर काढू? शेखावतजींनी ताकीद पाळली, बिचारे डोळे पुसत होते. मग मीच म्हटलं. मोठ्याने, मराठीत. "लागली!"

जुनी प्लेट घरी आणली आहे. भंगारवाला मागत होता, दिली नाही. गच्चीत तुळशीच्या कुंडीखाली ठेवली आहे, रंगाच्या सगळ्या पापुद्र्यांसकट. ते पापुद्रे मी खरवडणार नाही. तेवढंच तुमचं खोटं घरात राहू दे.

दर रविवारी मी जाईन, हे वचन. गुडघे दुखले तरी प्लेटपर्यंत माझी मीच चालत जाईन. आणि लागली नसेल त्या दिवशी रंगाचा डबा उघडणार नाही.

तुमची, अजून रागावलेली,
मालती