आधी नळ, मग बटण

प्रिय ठमे,

बोटं इतकी दुखताहेत की पेन धरवत नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आपल्या घरगाडीचा गीझर बदलला. मी बदलला, हो, मीच! घर विकून चाकांवर संसार मांडला तेव्हा पाना कुठला नि पक्कड कुठली हेही मला कळत नव्हतं. आता ही चाकं अजून किती फिरतील, याचाच घोर लागलाय.

गीझर असतो पलंगाखाली, पार कोपऱ्यात. तुझ्या बाबांनी जन्मभर कारखान्यातले बॉयलर दुरुस्त केले, त्यांना हा डाव्या हातचा मळ. पण पाना हातात घेऊन ते नुसते बसूनच राहिले. मग त्यांना बाहेर खुर्ची टाकून दिली आणि मी सरपटत आत शिरले. गंजलेले स्क्रू काही केल्या हलेनात. जुना ओढताना कंबर धरली, नवा बसवताना बोटं सोलली. पाइपाच्या आट्यांवर गुंडाळायची ती पांढरी पट्टी मी उलटी गुंडाळली, सगळी गादी भिजली. पुन्हा उघडा, पुन्हा गुंडाळा. रडले गं मी, खरंच रडले. मेकॅनिकला बोलावता आलं असतं, पण गीझर कसा जळला असं त्यानं ह्यांच्यासमोर विचारलं असतं तर काय सांगणार होते?

सुट्टीत गाडी घेऊन निघायचो तेव्हाचा बाबांचा नियम आठवतो ना? आधी नळ, मग बटण. नळाला पाणी आलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गीझर लावायचा नाही, नाहीतर आतली कॉइल जळते. तू एकदा नुसतं बटणाकडे बोट नेलंस तर केवढे ओरडले होते! त्याच माणसानं टाकी कोरडी ठणठणीत असताना बटण दाबलं. मी म्हटलं, होतं असं, माझीही भाजी करपते. त्यांनी हसत हसत नवा बसवला, आणि थोड्याच दिवसांत तोही तसाच जाळला. आज मी बसवला तो तिसरा. बटणावर आता जाड चिकटपट्टी लावून टाकलीये.

फोनवर तू विचारतेस तेव्हा मी सगळं मजेत म्हणते, कारण ते शेजारीच बसलेले असतात. म्हणून हे पत्र.

संध्याकाळी नळ सोडला, वाफाळतं पाणी आलं. बाबांनी हात धुतले, तोंड धुतलं, एकदम खूश झाले. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाले की बाई, काम चोख केलंत, माझी बायको येईलच एवढ्यात, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. चहा मीच केला आणि त्यांच्यासमोर पाहुणीसारखी बसून प्यायले.

थकलात की या, असं तू म्हणाली होतीस, आणि मी नाक वर करून नाही म्हटलं होतं. आता थकले गं. तुझ्या अंगणात गाडीपुरती जागा कर. गाडी मीच चालवत आणीन, सावकाश. पण तू उशीर करू नकोस, अजून ते दिवसातून दोनदा तरी विचारतात, ठमीचा फोन आला का.

तुझीच,
आई